तीन माणसांचं कुटुंब

“साबण ओला आहे.”

सासूबाई पलंगाच्या कडेला बसून साबणाच्या डबीत डोकावत होत्या. बोलणं स्वतःशीच, पण चार पलंगांपर्यंत नीट पोचेल अशा बेताने. “मी अजून आंघोळीला गेले नाही आणि साबण ओला. म्हणजे तो एकटाच जाऊन आला म्हणायचा.”

“आई, हे धरा.” सुनेने ब्लँकेटची दोन टोकं त्यांच्या हातात दिली.

“धरते ना. मी कुणाचं नाव घेतलं का?”

“नाव कशाला घ्यायला हवं, आजी,” शेजारच्या पलंगावरून रेडिओ म्हणाली. “इथे बायका बारा आणि रोज साबण लावणाऱ्या पाच. शोधायला फार वेळ लागायचा नाही.”

रेडिओ म्हणजे एके काळी दारोदार कंगवे आणि पिना विकणारी बाई. सकाळी सहाला सुरू व्हायची ती दिवे मालवले की बंद व्हायची, म्हणून हे नाव. निवाऱ्यात खऱ्या नावाने हाक मारायच्या त्या फक्त मेट्रनबाई, तीही हजेरीपुरती.

दोघींनी ब्लँकेट ताणलं, एकदा झटकलं, चार पावलं पुढे येऊन टोकाला टोक लावलं. सासूबाईंनी खालची कड उचलली, सुनेने ती वरच्या वर धरली, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चार घड्या, पलंगाचा नंबर वर. सून रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती, दिवसाला तीनशे चादरी तिच्या हाताखालून जायच्या. पण तिथल्या कुठल्याही बाईबरोबर तिची घडी अशी जमत नसे. एरवी पाण्याच्या तांब्यावरूनही या दोघींचं एकमत व्हायचं नाही. घडीच्या बाबतीत मात्र एकोणीस वर्षांत कधी बिनसलं नव्हतं.

निवाऱ्यात राहायची मुदत नव्वद दिवसांची. आजचा एकोणऐंशीवा. दोघींनाही हे तोंडपाठ होतं आणि दोघीही तो आकडा तोंडातून काढत नव्हत्या. नव्वदाव्या दिवशी पलंग दुसऱ्याच्या नावावर जायचा, कारण दाराबाहेर यादी लांबत चालली होती. त्याच्या आत खोली मिळायला हवी होती. दोघींना मिळून एक. खिडकी नसली तरी चालेल, नळ आत नसला तरी चालेल, सुनेचं मागणं इतकं खाली आलं होतं. फक्त एक.

आता ही गोष्ट अडली कुठे, ते सांगायला हवं.

सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, सात महिन्यांपूर्वी कामासाठी म्हणून बाहेरगावी गेला. पुढे त्यांच्या इमारतीच्या जिन्याला तडा गेला, अधिकारी येऊन भिंतीवर लाल फुली मारून गेले आणि एका दिवसात सगळ्यांना बाहेर काढलं. या दोघी तीन पिशव्या घेऊन निवाऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या. मेट्रनबाईंनी रजिस्टर उघडलं आणि न बघता विचारलं, “किती माणसं?”

सून ‘दोन’ म्हणायला तोंड उघडते तोच सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “तीन.”

सासूबाई तीस वर्षं एका शाळेत शिपाई होत्या. घंटा त्यांची, चाव्या त्यांच्या, आणि वर्गावर्गातून हजेरीपट गोळा करून आणायचे तेही त्यांनीच. त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या हाडीमांसी मुरलेली. मूल गैरहजर आहे म्हणजे शाळा सोडून गेलं असं नव्हे. महिना महिना आलं नाही तरी त्याच्या नावापुढे रेघ पडते, नाव जात नाही. कुणीतरी येऊन दाखला मागितला, की मगच नाव पटावरून कमी होतं. आणि त्यांच्या मुलाचा दाखला मागायला अजून तरी कुणी आलं नव्हतं.

सुनेने ते ‘तीन’ तसंच राहू दिलं. मागे पंधरा माणसं उभी होती, तिथे म्हातारीला खोटं कसं पाडायचं? नंतर सांगू, असं ती मनाशी म्हणाली. त्या ‘नंतर’ला आज एकोणऐंशी दिवस झाले.

मग रोज संध्याकाळी सहाला हजेरी. मेट्रनबाई ओळीने नावं वाचायच्या. सासूबाई ‘हजर’ म्हणायच्या, सून ‘हजर’ म्हणायची, आणि तिसऱ्या नावाला सासूबाई पुन्हा म्हणायच्या, “बाहेरगावी.” मेट्रनबाई रेघ मारायच्या. पहिल्या आठवड्यात कुणीकुणी हसायचं. आता त्या नावाला सगळ्या बायका पलंगाखाली वाकून चपला शोधायला लागत. इतक्या चपला शोधण्यासारखं काय होतं कोण जाणे.

रविवारी दुपारी व्हरांड्यातल्या फोनवर प्रत्येकीला पाच मिनिटं मिळायची. सासूबाई आपली पाळी कधी सोडायच्या नाहीत. बोलून आल्या की पलंगावर टेकत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, “बरा आहे. थोडा खोकला आहे, पण जेवतो वेळेवर.”

सून मान हलवायची. तो फोन पाच महिन्यांपासून बंद आहे हे तिला ठाऊक होतं. बंद होण्याआधी त्यावरून तिला एक निरोप आला होता, सहा शब्दांचा: ‘माझी वाट पाहू नका. आईला सांभाळ.’ सांभाळ म्हणे, जशी काही गॅलरीतली कुंडी. तिने तो निरोप सासूबाईंना दाखवला नाही. म्हातारीला धक्का बसेल, आधी डोक्यावर छप्पर येऊ दे, असं स्वतःला समजावत राहिली. पण महिन्यापूर्वी एका रविवारी ती फोनच्या रांगेत नेमकी त्यांच्यामागे उभी होती. रिसीव्हरमधून ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं एक बाई गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि सासूबाई तिला विचारत होत्या, “जेवलास का? अंगात गरम घालतोस ना?”

तेव्हापासून सुनेची पंचाईत झाली. दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघी एकमेकींना जपत होत्या. वर रेडिओला ठाऊक, मेट्रनबाईंना ठाऊक, रांगेतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक. पण बोलायचं कुणी?

बोलून तर टाकायचं, असं ती रोज ठरवायची. पण मग पुढचा प्रश्न तिला अडवायचा. नवराच नाही म्हटल्यावर सासू कुठली आणि सून कुठली? म्हातारी उद्या म्हणाली, तुझं तू बघ बाई, मी तुझी कोण, तर? संध्याकाळी हजेरीची वाट बघत बसलेलं असताना सासूबाई काही न सांगता तिचा हात ओढून मांडीवर घ्यायच्या आणि धुलाईघराच्या सोड्याने फुटलेल्या बोटांना मलम चोळायच्या. तोंडाने आपलं चालूच, “हे हात आहेत की खवणी? हातमोजे दिलेत ना तुला कामावर? मग घालत का नाहीस, शोभेला ठेवलेत?” त्या हाताखालून हात काढून घ्यायचा आणि ते वाक्य बोलायचं, हे तिच्याच्याने होत नव्हतं.

साहाय्य कार्यालयात फाईल ‘कुटुंबां’च्या रांगेत लागली होती. त्या रांगेत खोली मिळत असे, पण पडताळणीला घरातली सगळी मोठी माणसं समोर हजर लागत. दोनदा बोलावणं आलं. पहिल्या वेळी सासूबाईंनी सांगितलं, त्याची गाडी चुकली. दुसऱ्या वेळी, मालकाने सोडलं नाही. त्या दुसऱ्या वेळी त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या, तेव्हा फाईलवाल्या बाईंनी चष्मा काढून सुनेला जवळ बोलावलं.

“तुम्हाला उघड सांगते. तिसऱ्या वेळी तो आला नाही तर ही फाईल बंद होईल. मग तुम्ही एकट्या आणि आजी एकट्या, असे दोन वेगळे अर्ज. तुम्हाला नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात जागा मिळेल. आजींना वृद्धाश्रम.”

“कुठला?”

“जिथे जागा असेल तो. सध्या आहे तो इथून बसने चार तास.”

“आणि मी लिहून दिलं, की ते सोडून गेलेत म्हणून?”

“ते तुमच्यापुरतं झालं. आजींचा मुलगा कागदावर कमावता आहे, त्यामुळे त्यांची जबाबदारी त्याच्यावर. त्यांनी स्वतः माझ्यासमोर सांगायला हवं की मुलाने सोडलंय. तोंडी चालेल, मी लिहून घेईन. मग तुम्ही त्यांना तुमच्यावर अवलंबून दाखवायचं. दोघींची एक खोली होऊ शकते, अशा तीन शिल्लक आहेत.” बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. “मात्र मी त्यांच्या तोंडात शब्द घालायचा नाही, आणि तुम्हीही घालायचा नाही. तसा नियमच आहे.”

आज ती तिसरी वेळ होती.

सुनेने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. निघताना रेडिओने सासूबाईंची शाल नीट केली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. रेडिओ बंद पडलेला त्या दालनाने पहिल्यांदा पाहिला.

रस्ता वीस मिनिटांचा. सासूबाई पुढे, कारण मागून चालणं त्यांना कमीपणाचं वाटे. सून अर्धं पाऊल मागे, कारण त्यांना पायरी नीट दिसत नसे.

“आई, आज त्या बाई विचारतील.”

“विचारू दे. विचारायचाच पगार घेतात.”

“मग काय सांगायचं?”

“जे आहे ते.”

“काय आहे?”

सासूबाई एका कपड्यांच्या दुकानासमोर थांबल्या. काचेत एक पिवळा स्वेटर टांगला होता. बराच वेळ त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “हा रंग तुला नाही शोभायचा. आजारी दिसशील.”

“मी घेत नाहीये.”

“घेशील म्हणून आधीच सांगितलं.”

सुनेने ओठ घट्ट मिटले. हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाही कळेना. पुढच्या चौकात पुन्हा विषय काढायचा असं तिने ठरवलं, आणि चौक आला तेव्हा सासूबाईंनी रस्ता ओलांडायला तिचा दंड धरला. तो त्यांनी कार्यालयाच्या दारापर्यंत सोडला नाही.

आत ही गर्दी. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर टोकन नंबर दाखवणारा फळा, आणि एक पंखा, जो फक्त पहिल्या रांगेला ओळखत होता. सासूबाईंनी भिंतीकडेच्या तीन खुर्च्या हेरल्या. एकीवर स्वतः बसल्या, एकीवर सुनेला बसवलं आणि मधल्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. सुनेच्या हातात टोकन सत्तेचाळीस. फळ्यावर एकतीस.

थोड्या वेळाने एक माणूस आला. “ही जागा?”

“येतोय माणूस,” सासूबाई म्हणाल्या.

मग काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. “कुणी आहे का इथे?”

“येतोय.”

गृहस्थ भिंतीला टेकून उभे राहिले. समोरच्या रांगेतून एक बाई शेजारणीला म्हणाली, “पिशवीला पण टोकन असेल.” शेजारीण खिदळली. सुनेच्या कानशिलांना चटका बसला. ती पिशवीकडे हात नेऊ लागली, तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो हात तिने आपल्याच मांडीवर ठेवून दिला.

“गाडी उशिरा असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“असेल,” सून म्हणाली.

तिने पुन्हा एकदा त्याला सांभाळून घेतलं. आणि घेतलं ते कुणासाठी, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

फळ्यावर चाळीस झाले. अजून मुलगीच वाटावी अशी एक बाई आली, खांद्यावर झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी. तिने काही विचारलं नाही. नुसती मधल्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि मूल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. सासूबाई फळ्याकडे बघत राहिल्या. एक्केचाळीस. बेचाळीस. मुलाची लाळ त्या बाईच्या कॉलरवर ओघळत होती. तिचे गुडघे किंचित वाकले, पुन्हा सरळ झाले. त्रेचाळीस.

सासूबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बस,” त्या म्हणाल्या. “किती वेळ उभी राहशील?”

ती बाई बसली. सुनेने समोर पाहिलं. शेजारी कुणी हुंदका बिंदका दिला असता तर तिला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं. सासूबाई तर नुसत्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

सत्तेचाळीस.

फाईलवाल्या बाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. दोघी बसल्या. बाईंनी फाईल उघडली, तारीख टाकली आणि विचारलं, “तिसरी व्यक्ती?”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पहिल्यांदाच. आणि ती शांतता सुनेला असह्य झाली. तिने ठरवलं होतं एक, तोंडातून निघालं दुसरंच. “म्हणजे, काय झालं, बाई, ते निघाले होते. पण वाटेत त्यांची तब्येत जरा... पुढच्या आठवड्यात नक्की येतील. खोकला आहे त्यांना.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं.”

“पुढचा आठवडा माझ्या हातात नाही. ही तारीख शेवटची.” त्यांनी खणातून दोन कागद काढले, एक सुनेपुढे सरकवला, एक सासूबाईंपुढे. “मग हे दोन स्वतंत्र अर्ज. सही करा. आजी, तुम्ही अंगठा की सही?”

“सही,” सासूबाई म्हणाल्या. “शाळेत होते मी.” त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला, मग लांब धरला. “यात काय लिहिलंय? बारीक आहे अक्षर.”

“यात तुमची सोय वृद्धाश्रमात करावी असं लिहिलंय. चांगला आहे. डॉक्टर येतात, बाग आहे.”

“आणि हिची?”

“यांची वसतिगृहात. इथे, शहरात.”

“म्हणजे मी तिकडे आणि ही इकडे.”

“हो. भेटता येतं, आजी. रविवारी, दोन ते चार.”

सुनेने पेन उचललं होतं. कागदावरच्या रेषा तिला एकीत एक मिसळलेल्या दिसत होत्या. आता बोल, ती स्वतःला सांगत होती, आता नाही तर कधी. पण तिला सक्त बजावलेलं होतं, शब्द घालायचा नाही. आणि खरं सांगायचं तर नियम नसता तरी तिला ते जमलं नसतं. कुणाच्या आईला हे कसं सांगतात? तिने पेनाचं टोक कागदाला लावलं.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी आपला कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. दोनदा केला. त्याला काही सुरकुती नव्हती.

“बाई, हिला ताप येतो तेव्हा ही कुणाला सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “कामावर जाते. मला नुसत्या चालण्यावरून कळतं. तुमच्या वसतिगृहात कुणाला कळेल का?”

“आजी, ते ठीक आहे, पण माझ्यापुढे फाईल आहे. तीन माणसं लिहिलीत तुम्ही. तिसरं कुठे आहे ते मला लिहावं लागेल.”

“मीच लिहायला लावलं होतं. हिचा त्यात दोष नाही.”

“दोषाचं कुणी विचारत नाहीये.”

“आई,” सून म्हणाली, “राहू द्या. आपण नंतर...”

“तू गप्प बस. इतके महिने तू गप्प बसलीस तशी आणखी पाच मिनिटं बस.” सासूबाई तिच्याकडे वळल्याही नाहीत. त्या बाईंच्या पेनाकडे बघत होत्या. आवाज घंटेच्या वेळचा नव्हता, हजेरीच्या वेळचाही नव्हता. सुनेने तो आधी कधी ऐकला नव्हता.

“तो आजारी नाही. त्याला खोकलाही नाही. असला तर मला माहीत नाही.”

बाईंनी पेन उचललं. बाहेर फळ्यावर अठ्ठेचाळीस लागल्याचा टिंग आवाज झाला. एक माणूस दारात डोकावला, आतलं बघून तसाच मागे झाला.

“लिहा,” सासूबाई म्हणाल्या. “तो येणार नाही. आज नाही, आणि पुढच्या आठवड्यातही नाही. माझा मुलगा आम्हाला टाकून गेला. दोघींना.”